विद्युत् बास गिटारच्या नादाची जाती : कारणांचा तौलनिक विचार

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरांवर पाटण येथे जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिल्याची आणि त्या मठास शके ११२८ मध्ये दान मिळाल्याची नोंद आहे. हा चांगदेव देवगिरीच्या यादव नृपती सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याच सिंघणाच्या पदरी हिशेबखात्याचा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने पुढे ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. गणित आणि संगीत ही दोन शास्त्रे अशा रीतीने एकाच राजाश्रयाखाली नांदत होती. श्रुतींचे अंतर प्रत्ययास आणून देण्यासाठी शार्ङ्गदेवाने प्रत्येकी २२ तारांच्या दोन वीणा घेण्यास सांगितले आहे. दोन्ही सर्वथा सारख्या असाव्यात. त्यांपैकी एक ‘ध्रुव’ म्हणजे अचल ठेवावी आणि दुसरीच्या, म्हणजे ‘चल’ वीणेच्या, तारा क्रमाक्रमाने उतरवीत जाव्यात, असा तो विधी आहे. या विधीचे मूळ भरताच्या नाट्यशास्त्रात आढळते. दोन वस्तूंची तुलना करावयाची असल्यास त्या इतर सर्व बाबतींत सारख्या ठेवून एकच गोष्ट बदलावी, हे प्रायोगिक शास्त्राचे आद्य सूत्र त्यात स्पष्टपणे अवतरले आहे.

हे सूत्र आजही किती उपयुक्त आहे, याचे उत्तम उदाहरण विद्युत् बास गिटार या अगदी अर्वाचीन वाद्याच्या निमित्ताने मिळते. अमुक लाकडाची गिटार ‘उबदार’ वाजते, तमुक बनावटीची ‘खणखणीत’ वाजते, अशी विधाने वादकांच्या वर्तुळात सर्रास केली जातात आणि त्यांवर विसंबून बरेच द्रव्यही खर्ची पडते. परंतु ज्या दोन वाद्यांवरून अशी विधाने केली जातात, त्यांत बहुधा लाकूडच नव्हे, तर तारा, पिकअप, तारेची लांबी व वादकाची बोटे हे सारेच भिन्न असते. ध्रुव वीणा कोठेच नसते. म्हणून नादाच्या जातीची कारणे एकेक वेगळी काढून त्यांचे तारतम्य ठरविणे अगत्याचे आहे.

वाद्याचे स्वरूप

संगीतशास्त्रात नादाची तीन लक्षणे सांगतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. एकाच उंचीचा व तितकाच मोठा स्वर सनईतून व सारंगीतून निघाला असता जो भेद कानास जाणवतो, तो जातीचा भेद होय. कोणत्याही तारेतून मूलस्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही निघत असतात. या उपस्वरांचे परस्परांतील प्रमाण आणि ते कोणत्या क्रमाने मावळतात, यांवर नादाची जाती मुख्यतः अवलंबून असते.

तारांच्या कंपनाचे विद्युत्-संदेशात रूपांतर करणारी मंद्र सप्तकातील गिटार सिॲटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० नंतरच्या दशकात तयार केली होती. तथापि तिचा खरा प्रसार लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणल्यानंतर झाला. भरीव लाकडाचे अंग, ३४ इंच म्हणजे ८६·४ सेंटिमीटर कंपनक्षम लांबीच्या चार तारा आणि दांडीवर बसविलेले पडदे, अशी तिची रचना होती. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’ हे नाव. याच कारखान्याची दोन पिकअपांची ‘जॅझ बास’ १९६० मध्ये निघाली. जर्मनीतील हॉफनर कारखान्याची ५००/१ ही पोकळ अंगाची, ३० इंची गिटार या दोहोंच्या मधल्या काळातील होय. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदातील टोनी वाझ यांचे बासवादन या संदर्भात सर्वश्रुत आहे. चित्रपटगीतांच्या मागोमाग ते लग्नसमारंभांतील ऑर्केस्ट्राच्या मंचावर आले, आणि खानदेशातही त्याचा नाद अपरिचित राहिला नाही.

तिच्या चार मोकळ्या तारांच्या कंपनसंख्या सेकंदास अनुक्रमे सुमारे ४१·२, ५५, ७३·४ आणि ९८ असतात. काळी एक हा षड्ज धरून लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाची कंपनसंख्या सुमारे ६९ भरते. अर्थात् आपल्याकडील खर्जाची तार आणि बास गिटार ही दोन्ही एकाच प्रदेशात नांदतात, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

तार आणि बोट

तार जेथे छेडली जाते, तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल, तो उपस्वर नादात उतरत नाही, हा नियम टॉमस यंग यांनी १८०० च्या सुमारास मांडला. तार बरोबर मध्यावर छेडल्यास दुसरा, चौथा, सहावा असे सर्व सम उपस्वर लोपतात आणि नाद पोकळ होतो. घोडीजवळ छेडल्यास वरच्या उपस्वरांचे प्रमाण वाढून नाद तीक्ष्ण होतो. वादकाचे बोट चार-सहा सेंटिमीटर सरकले, तरी एकाच वाद्यातून दोन भिन्न वाद्यांचा भास उत्पन्न होऊ शकतो, तो यामुळे.

तारेची घडणही तितकीच महत्त्वाची. जाड स्वरांची तार ही पोलादी गाभ्याभोवती दुसरी तार गुंडाळून केलेली असते. गुंडाळलेली तार गोल असल्यास वरचे उपस्वर विपुल व दीर्घकाळ टिकणारे असतात. ती चपटी पट्टी असल्यास ते लवकर शमतात. अमेरिकेतील मोटाऊन ध्वनिमुद्रिकांत जेम्स जेमरसन यांचा जो घुमारदार, आखूड बास ऐकू येतो, त्याचे श्रेय प्रिसिजन बासइतकेच तिच्यावरील चपट्या गुंडाळीच्या जुन्या तारांना दिले जाते. घाम आणि धूळ गुंडाळीच्या फटींत शिरली म्हणजे अंतर्गत घर्षण वाढते आणि वरचे उपस्वर प्रथम लोपतात. वादक अशा तारेस ‘मेलेली तार’ म्हणतात. उघड्या मैदानावरील मांडवात वाजणाऱ्या वाद्याच्या तारा बंदिस्त ध्वनिमुद्रणगृहातील तारांपेक्षा लवकर मराव्यात, हे स्वाभाविकच आहे.

कंपनक्षम लांबीचा परिणाम गणिताने सहज काढता येतो. तीच तार त्याच स्वरात ३४ इंचांऐवजी ३० इंचांवर लावल्यास तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो. तार सैल लागते, तिचा झोका मोठा होतो आणि नाद मऊ येतो. म्हणून हॉफनर व फेंडर यांच्या नादातील सर्व भेद पोकळ आणि भरीव अंगाच्या खाती जमा करणे युक्त नव्हे. लांबीचा हिस्सा त्यातून आधी वजा केला पाहिजे.

पिकअपचे स्थान

पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात हलली म्हणजे वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय स्रोत बदलतो आणि फॅरडे यांच्या नियमानुसार विद्युत्-दाब प्रवर्तित होतो. पिकअप हवेतील ध्वनी ऐकत नाही; आपल्यासमोरच्या तारेच्या त्या तुकड्याची गती तेवढी तो टिपतो. म्हणून ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू बरोबर पिकअपवर येईल, तो उपस्वर तारेत असूनही पिकअपला दिसत नाही.

समजा, पिकअप घोडीपासून १४·४ सेंटिमीटरांवर, म्हणजे ८६·४ सेंटिमीटर तारेच्या सहाव्या भागावर आहे. मोकळ्या जाड तारेचा सहावा उपस्वर (४१·२ × ६, म्हणजे सुमारे २४७) त्यातून गळेल. आता तीच तार बाराव्या पडद्यावर दाबली, तर तिची लांबी निम्मी, कंपनसंख्या ८२·४ आणि पिकअपचे स्थान तिसऱ्या भागावर येईल. मग तिसरा उपस्वर गळेल; परंतु ८२·४ × ३ म्हणजे पुन्हा २४७ च! गळणाऱ्या उपस्वराची कंपनसंख्या तारेवरील तरंगाचा वेग आणि घोडी व पिकअप यांमधील अंतर एवढ्यांवरच अवलंबून असल्यामुळे कोणताही पडदा दाबला तरी खाच तेथेच राहते. प्रत्येक तारेची खाच मात्र निराळी; ९८ कंपनांच्या तारेची ती ५८८ वर पडते. वाद्याच्या नादावर उमटलेला हा जणू कायमचा शिक्का होय, आणि तो लाकडाचा नसून अंतराचा आहे.

पिकअप घोडीपासून ५ सेंटिमीटरांवर नेल्यास खाच सुमारे ७१२ वर सरकते. त्याचबरोबर मूलस्वराचे बळ पूर्वीच्या सुमारे ३६ टक्के उरते, आणि मूलस्वराच्या तुलनेने पाचव्या उपस्वराचे प्रमाण चौपटीहून अधिक वाढते. जॅझ बासचे दोन पिकअप आळीपाळीने वाजविले असता जो भेद ऐकू येतो, त्याचे कारण मुख्यतः हेच.

येथे एक लक्षणीय गोष्ट निदर्शनास येते. आदर्श तारेच्या बाबतीत पिकअपमधून मिळणाऱ्या उपस्वरांचे परस्परप्रमाण ज्या सूत्राने ठरते, त्यात छेडण्याचे स्थान आणि पिकअपचे स्थान अगदी एकसारख्या रूपाने येतात. दोहोंची अदलाबदल केली तरी ते प्रमाण बदलत नाही. अर्थात् कारागिराने ठरविलेले पिकअपचे स्थान जितके समर्थ, तितकेच वादकाच्या बोटाचे स्थानही समर्थ. फरक इतकाच की, पहिले विकत घ्यावे लागते आणि दुसरे हाती असते.

विद्युन्मंडल आणि गुणगुण

पिकअपचे वेटोळे व गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी केबल मिळून एक अनुस्पंदी मंडल बनते. वेटोळ्याचे प्रवर्तकत्व ४ हेन्री आणि केबलची धारिता ५०० पिकोफॅरड धरल्यास अनुस्पंदन सेकंदास सुमारे ३,५०० कंपनांवर येते. केबल दुप्पट लांब घेतली की ते सुमारे २,५०० वर उतरते. या बिंदूच्या वरचे उपस्वर झपाट्याने क्षीण होत असल्याने लांब केबलने नाद काहीसा मंद होतो. वाद्य बदलले असे वाटावे आणि प्रत्यक्षात केबलच बदललेली असावी, हे अशक्य नाही.

एकेरी वेटोळ्याचा पिकअप तारेबरोबर भोवतालच्या विद्युत्-वाहिन्यांचे क्षेत्रही टिपतो. भारतातील वीजपुरवठा सेकंदास ५० आवर्तनांचा आहे, आणि बास गिटारच्या जाड तारेवर तिसरा पडदा दाबला असता निघणारा स्वर ४९ कंपनांचा असतो. म्हणजे गुणगुण नेमकी या वाद्याच्या मुलुखातच येऊन बसते आणि त्या स्वराशी तिचे सेकंदास एक या गतीने ठोके पडू लागतात. अमेरिकेतील ६० आवर्तनांच्या विजेवर हा स्वर या अडचणीतून सुटतो. प्रिसिजन बासचा पिकअप १९५७ पासून दोन उलटसुलट अर्ध्या वेटोळ्यांचा केला गेला. त्यामुळे गुणगुणीचे दोन हिस्से परस्परांस छेदतात. जनित्रावर चालणाऱ्या, दिव्यांच्या माळांनी वेढलेल्या लग्नमंडपात हा गुण कोणत्याही लाकडापेक्षा मोलाचा ठरतो.

तारेचा आधार : मिरजेचा दाखला

आतापर्यंत तारेची दोन्ही टोके पक्की बांधलेली आहेत, असे गृहीत धरले. हे गृहीत सैल केले म्हणजे काय घडते, याचा सर्वोत्कृष्ट पाठ महाराष्ट्रातच मिरजेस मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे तंतुवाद्यांची घडण चालत आली आहे. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळे त्यासाठी वापरले जातात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची घोडी धारदार नसून रुंद व किंचित् वक्र असते. कंप पावणारी तार या वक्र पृष्ठाला क्षणोक्षणी स्पर्श करीत राहते, आणि तार व घोडी यांमध्ये सरकविलेल्या सुताने हा स्पर्श जुळविला की जवारी खुलते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखविले की, तंबोऱ्यात यंग यांचा नियम पाळला जात नाही : निस्पंद बिंदूवर छेडूनही तो उपस्वर स्पष्ट ऐकू येतो. घोडीशी होणारा स्पर्श तारेचा आधार सतत बदलतो आणि एका उपस्वरातील ऊर्जा दुसऱ्यात जात राहते. जवारी काढणाऱ्या कारागिराच्या कानशीचे दोन हात तंबोऱ्याच्या नादाचा कायापालट करतात, ते याच कारणाने.

बास गिटारच्या घोडीवर तार टोकदार आधारावर टेकते. म्हणून तेथे जवारी नाही. परंतु पडदे काढून टाकलेल्या बास गिटारमध्ये बोटाखालून निघणारी तार दांडीच्या सपाट पृष्ठाला हलकेच घासत राहते आणि स्वर उमलत गेल्यासारखा वाटतो. जाको पॅस्टोरियस यांनी १९७६ च्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने हा नाद जगास परिचित करून दिला. त्यांच्या जॅझ बासचे पडदे काढलेले होते आणि दांडीवर कठीण लेप चढविलेला होता. तंबोऱ्याची जवारी घोडीच्या टोकाला घडते, तर हा परिणाम दांडीच्या बाजूला घडतो. पण तत्त्व एकच. मिरजेचा कारागीर आणि पडदे काढणारा वादक या दोघांच्या हाती एकच चावी होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

लाकडाचा वाटा

मग लाकडास काहीच महत्त्व नाही काय? तंबोऱ्यात लाकडी तबली व भोपळा प्रत्यक्ष हवेस कंपित करतात. तेथे लाकूड हे नादाचे मुख आहे. भरीव विद्युत् गिटारमध्ये ते मुख नाही. तेथे लाकडाचा परिणाम घडतो तो आधार म्हणून : आधार जितका डळमळीत, तितकी तारेची ऊर्जा अधिक गळते. जर्मनीतील हेल्मुट फ्लाइशर यांनी विद्युत् गिटार व बास यांच्या दांडीवर केलेल्या मोजण्यांत असे आढळले की, विशिष्ट पडद्यांवरील स्वर दांडीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतात आणि तेथे तार लवकर शमते. वादक यांना ‘मृत जागा’ म्हणतात. अनेक बास गिटारमध्ये सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे १३१ ते १४७ कंपनांच्या टापूत, अशी जागा सापडते. म्हणजे लाकूड नादात काही घालीत नाही. ते नादातून काही काढून घेते, आणि तेही अंगापेक्षा दांडीच्या वाटेने अधिक. अंगाच्या लाकडावर जी किंमत आकारली जाते, तिच्याशी हा वाटा ताडून पाहिला पाहिजे.

उष्णतेचा प्रश्न

खानदेशात तुलना करणाऱ्याने आणखी एक घटक विसरता कामा नये, तो म्हणजे उष्मा. चाळीसगाव परिसरात उन्हाळ्यातील दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि रात्री बरेच उतरते. पोलादाची लांबी दर अंशास दशलक्षात सुमारे १२ भागांनी वाढते. लाकडाची, त्याच्या रेषांच्या दिशेने, निम्म्याहून कमी. म्हणून उन्हात तापलेले वाद्य उतरते आणि रात्री गारव्यात चढते. ताणामुळे मुळातच अल्प प्रमाणात लांबलेल्या जाड गाभ्याच्या तारांवर हा परिणाम अधिक होतो, आणि बास गिटारच्या तारा त्याच जातीच्या आहेत. दुपारी एक गिटार व रात्री दुसरी ऐकून केलेली तुलना यास्तव निरर्थक होय. दोन्ही वाद्ये एकाच छायेत ठेवून, पुन्हा स्वरात लावून, मगच ऐकली पाहिजेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून कारणांचा क्रम असा लागतो. प्रथम तार, बोटाचे स्थान आणि पिकअपचे स्थान. त्यानंतर विद्युन्मंडल, ॲम्प्लिफायर व ध्वनिक्षेपक. तारेचा आधार टोकदार की पसरट, हा भेद जेथे असेल तेथे तो या सर्वांच्या बरोबरीचा. आणि सर्वांत शेवटी अंगाचे लाकूड. हा क्रम पडताळून पाहण्यास महागडी साधने लागत नाहीत. कोणत्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील ध्वनिमापी, त्यावर ताणलेली पोलादी तार, सरकवता येईल असा एक पिकअप आणि दोलनदर्शक एवढ्यावर खाचेचे स्थान मोजता येते. त्याच तारेखाली वक्र घोडी व सूत ठेवून रामन यांचे निरीक्षणही पुन्हा घेता येते. पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका सत्रात पुरे करता येईल असे हे काम आहे, आणि त्यात ध्रुव व चल हा भेद काटेकोरपणे पाळणे हाच मुख्य धडा आहे.

त्याचे व्यावहारिक फळही लहान नाही. दहा वाद्ये शेजारी ठेवून पारखण्याची सोय मोठ्या शहरांतच संभवते. चाळीसगावच्या वादकास त्यासाठी रेल्वेने सुमारे सव्वातीनशे किलोमीटर मुंबई गाठावी लागते. लग्नसराईच्या मिळकतीतून वाद्य घेणाऱ्या अशा वादकाने आपले मर्यादित द्रव्य दुर्मिळ लाकडावर घालावे, की सरळ दांडी, गुणगुण न करणारा पिकअप आणि ताज्या तारा यांवर, याचे उत्तर वरील क्रमातच आहे. नादाच्या जातीचा मोठा हिस्सा त्याच्या उजव्या हाताच्या बोटांत आधीपासूनच आहे; तो विकत आणावा लागत नाही.